त्याच्या बॉलिंगला माझ्या चुलतभावाचं नाव

कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण जिथं सांगायला हवं होतं तिथं मी ते सांगितलेलं नाही.

मुरबाडला तहसील कचेरीपासून चार पावलांवर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातली दुरुस्ती, आधारवरचा पत्ता आणि सगळ्यात जास्त म्हणजे जातीचे दाखले. आजोबांचा शाळेचा दाखला, चुलत्याचा दाखला, जुना सातबारा अशा पिवळ्या पडलेल्या कागदांवरून मी दिवसभर लोकांच्या जाती वाचतो आणि कॉम्प्युटरवर चढवतो. घर सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाजूला, गाडीनं पाऊण तासावर. मला क्रिकेट खेळता येत नाही. लहानपणी उंच उडालेला बॉल माझ्या दिशेनं आला की मी डोळे मिटायचो. तरी टीममध्ये राहायचं होतं, म्हणून मी गावच्या टीमचा कारभारी झालो. स्पर्धांचे फॉर्म भरणं, कागद जोडणं, टॉसच्या आधी नावांची यादी देणं ही माझी कामं.

आमच्या गावात बॉलर म्हणावा असा एकच होता. तो ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतला. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे तो एका ठेकेदाराकडे वायरमन झाला. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांत घरोघरी मीटर बसवायचं काम. बॉलिंगला त्याचा स्टार्ट जेमतेम पाच पावलांचा. हात कानाला घासून यायचा आणि टेनिस बॉल सरळ बॅट्समनच्या अंगठ्याखाली जाऊन पडायचा. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरात स्वतःची चप्पल ठेवून त्या चपलेवर तो तासतासभर बॉल टाकत बसायचा. मी बॉल परत फेकायला असायचो. ते काम मला जमायचं.

त्याचे वडील कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. थळ घाटातल्या रुळांवर त्यांची सगळी नोकरी झाली. मीही त्यांना बाबाच म्हणायचो. गँगमध्ये काही जण नवीन आले की आडनाव अर्धवट सांगायचे, काही गावाचं नाव बदलायचे. बाबांनी पहिल्या दिवशी मुकादमाला स्वतःचं पूर्ण नाव, गाव, वाडी सगळं सांगितलं आणि वर पाण्याच्या पिंपातून स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला शाळेत असताना सांगितली होती. पोराला ती पाठ होती.

साध्या खुल्या स्पर्धांमध्ये तो आमच्याकडून त्याच्या नावानं खेळायचा. पण दोन्ही तालुक्यांत सगळ्यात मोठी स्पर्धा आमच्या समाजाची. समाज म्हणजे जात. आमच्याकडे जात म्हणत नाहीत, समाज म्हणतात. शहापूरच्या पुढं, कसाऱ्याकडे जाताना डाव्या हाताला मोठं मैदान आहे. तिथं मार्चमध्ये मांडव पडतो, कॉमेंट्रीला माईक असतो, मॅच मोबाइलवर लाइव्ह दिसते आणि दुबईला गेलेली पोरंसुद्धा ती बघतात. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत छापलेलं असतं, की स्पर्धा समाजापुरती मर्यादित आहे. प्रत्येक खेळाडूचं आधार आणि शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची. आमचं गाव दरवर्षी जायचं आणि पहिल्या मॅचला हरून दुपारच्या जेवणाच्या आत परत यायचं.

माझा एक चुलतभाऊ जहाजावर नोकरीला आहे. वर्षातले आठनऊ महिने समुद्रात. त्याचे सगळे कागद माझ्या दुकानातल्या फायलीत असायचे. वय आमच्याएवढंच, उंची बौद्धवाडीतल्या माझ्या दोस्ताएवढी. झेरॉक्स मशीनवर काळेपणा दोन टप्पे वाढवला की आधारवरचा फोटो कुणाचाही वाटतो, हे मला धंद्यामुळं माहीत होतं.

दोस्त एकदा दुकानात कामाच्या कागदांच्या कॉप्या काढायला आला होता. मी त्याला सांगितलं, भावाच्या नावावर खेळ. मग त्यानं विचारलं, माझ्या चुलत्यांना हे चालेल का. मी म्हणालो, चालेल. चुलत्यांना मी आधीच विचारलं होतं. गावाला कप मिळणार असेल तर ते काहीही द्यायला तयार होते, नाव तर फुकटचं होतं. त्यानं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "खेळतो. त्या ग्राउंडवर एकदा बॉलिंग टाकायची हाय मला. पन बाबाला कळू देऊ नको."

मी म्हणालो, कोण सांगतंय बाबांना.

मैदानावर चुकून कुणाच्या तोंडून त्याचं खरं नाव निघू नये म्हणून आम्ही ठरवलं, की अख्ख्या टीमनं एकमेकांना फक्त 'भावा' म्हणायचं. त्या वर्षी आमच्या अकरा जणांना नावं नव्हती. आम्हाला त्याची मजा वाटत होती. मजा सगळ्यांची सारखी नव्हती हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

पहिल्याच ओव्हरमध्ये त्यानं दोन यॉर्कर टाकून दोन दांड्या उडवल्या. कॉमेंट्री करणारा माणूस मी दिलेली यादी बघून माझ्या चुलतभावाचं नाव घेत होता, पुन्हा पुन्हा, गावाच्या नावासकट. तिसरी विकेट पडल्यावर तो माईकवरून म्हणाला, ही शिकवून येणारी गोष्ट नाही, ही आपल्या समाजाच्या पोरांच्या रक्तातच आहे. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ओव्हर संपवून दोस्त मिडऑफला जाऊन उभा होता. त्यानं एकदा माईककडे बघितलं आणि टोपी खाली ओढली.

दुपारी यजमान गावात प्रत्येक टीमची जेवणाची सोय वेगवेगळ्या घरी होती. आमच्या वाट्याला आलेल्या घरात एक म्हातारी होती. तिनं सगळ्यांची नावं विचारली. माझी पाळी यायच्या आत दोस्तानं चुलतभावाचं नाव सांगताच तिनं त्याचा हात धरला. माझी आजी, म्हणजे चुलतभावाचीही आजी, तिची मावसबहीण निघाली. म्हातारीला रडू आलं. बहिणीला जाऊन किती वर्षं झाली, तुझ्या कपाळावर तिचंच कपाळ आहे, असं ती त्याला सांगत राहिली. आम्ही बाकीचे ओटीवर पंगतीला बसलो. त्याला तिनं आत नेलं, चुलीपाशी पाट मांडून बसवलं आणि भाकरी तव्यावरची काढून थेट त्याच्या ताटात वाढली. निघताना तिनं त्याच्यावरून बोटं मोडली आणि देवाजवळचा अंगारा त्याच्या कपाळाला लावला. तिचा खरा नातू मी होतो. मी ओटीवरून बघत होतो आणि बोललो नाही, कारण बोललो असतो तर तिनं दोघांनाही घरचं विचारलं असतं आणि सगळंच उघडं पडलं असतं.

त्या वर्षी आम्ही फायनलला हरलो, पण फायनलला गेलो हेच गावाला पुष्कळ होतं. उत्कृष्ट गोलंदाजाची ट्रॉफी त्याला मिळाली. येताना तो माझ्या मोटरसायकलवर मागं बसला होता. डोळखांबच्या फाट्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या घरात मी पडवीच्या पुढं कंदी गेलो नाय. आज चुलीपाशी जेवलो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं सांगत होता. आमच्या घरी तो आला की आई त्याला पडवीत चहा द्यायची. कप वेगळा होता, कान तुटलेला, तो खिडकीच्या फळीवर उपडा ठेवलेला असायचा. ते मला लहानपणापासून माहीत होतं. आईला मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला घरात भांडावं लागलं असतं, आणि न विचारता दोस्ती चालत होती. मी चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणालो, चल, उशीर होतोय.

ट्रॉफीवर पितळी पट्टी होती आणि पट्टीवर चुलतभावाचं नाव. गावात आल्यावर चुलत्यांनी ती त्यांच्या शोकेसमध्ये ठेवली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोराचं नाव आहे, पोराच्या घरात राहणार. काही दिवसांनी माझा दोस्त म्हणाला, मुलीला एकदा दाखवायची होती, दोन दिवसांसाठी आणून दे. त्याची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. मी हो म्हणालो. मग चुलत्यांकडं मागायला मला अवघड वाटत गेलं, त्यानंही दोनदा आठवण करून दिली आणि मग सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षी जायला त्याचं मन नव्हतं. बाबांना कुठून तरी कळेल, असं त्याला वाटत होतं. मीच म्हणालो, एक वर्ष काढलंस, हे एक काढ, कप आणू आणि थांबवू. तो आला.

पहिली मॅच आम्ही सहज जिंकलो. दुसरी मॅच शहापूरच्याच एका गावाशी होती. त्याची पहिली ओव्हर झाली आणि समोरच्या टीमचा एक माणूस सीमारेषेवरून थेट पंचांकडं चालत गेला. त्याच्या घरी माझ्या दोस्तानं दिवाळीच्या आधी मीटर बसवला होता. चहा पिताना त्यानं स्वतःचं नाव, गाव सांगितलं होतं. खरं नाव. घरी गेलेल्या माणसाला नाव विचारतात, आणि त्याला ते लपवायची सवय नव्हती.

खेळ थांबला. आम्हा दोघांना मांडवात बोलावलं. समितीची सातआठ माणसं खुर्च्यांवर बसली होती, सगळी वयानं मोठी, काही माझ्या ओळखीची. मैदानावरून शिट्ट्या ऐकू येत होत्या. मोबाइलवाल्या पोरांचा कॅमेरा चालूच होता. समितीच्या अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, की असं करणाऱ्या गावाला पाच वर्षं बंदी असा ठराव आहे. मग त्यांनी मला विचारलं, हे गावानं केलं की ह्या माणसानं केलं.

त्यांनी प्रश्न असा विचारला होता की एक दार उघडं राहावं. ते मला दिसलं. मी त्या दारातून बाहेर पडलो.

मी म्हणालो, "तो लय मागं लागला होता. कागद त्यानंच आनले. आमी दोस्तीत नाय बोलू शकलो नाय."

तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. मला वाटलं तो आता बोलेल, आणि खरं सांगायचं तर त्यानं बोलावं असं मला वाटलंही, म्हणजे ते माझ्या हातातून सुटलं असतं. तो बोलला नाही. टीमची पोरं मांडवाच्या बाहेर दोरीला टेकून उभी होती. पाच वर्षं म्हणजे त्यातल्या निम्म्यांचं खेळायचं वय संपलं असतं. तो त्यांच्याकडं बघत राहिला.

अध्यक्ष म्हणाले, मग त्यानं तसं लिहून द्यावं, म्हणजे गावाची ह्या वर्षाची एन्ट्री रद्द, बाकी प्रश्न मिटला. स्कोअरबुकातलं एक कोरं पान फाडून दिलं. तो खुर्चीवर बसला आणि पेन घेऊन थांबला. काय लिहू, असं त्यानं विचारलं. अर्ज लिहायचं माझं रोजचं काम. सवयीनं मीच सांगायला लागलो.

"मी खाली सही करणार, लिहून देतो की, मी माझी जात लपवून व खोटी कागदपत्रं देऊन सदर स्पर्धेत भाग घेतला. यात गावाचा व संघाचा काहीही दोष नाही. त्याबद्दल मी समाजाची क्षमा मागतो."

'सदर' हा शब्दसुद्धा मी सांगितला. तो शाळेतल्यासारखं जसंच्या तसं लिहीत गेला. 'जात लपवून' लिहिताना थांबला, माझ्याकडं न बघता परत लिहायला लागला. खाली त्यानं पूर्ण सही केली, नाव, वडलांचं नाव, आडनाव, मु. पो. गाव आणि त्याच्यापुढं बौद्धवाडी. ते नाव इथं लिहायचा मला हक्क नाही.

मला वाटलं होतं कागद फायलीत जाईल. अध्यक्षांनी तो कॉमेंट्रीवाल्याकडं दिला, आणि त्यानं तो माईकवरून वाचला. मागच्या वर्षी रक्ताचं सांगणारा हाच माणूस. ज्या मैदानावर त्यानं दोन वर्षं बॉलिंग टाकली तिथं त्याचं स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकू आलं ते असं. लोक हसले नाहीत. एकदोघांनी शिवी दिली. पुढची मॅच सुरू करायची घाई होती.

मी मोटरसायकल काढून रस्त्यावर आणली तेव्हा तो शहापूरकडं जाणाऱ्या शेअरच्या मॅजिक गाडीत बसून निघून गेला होता. त्याचे खेळायचे बूट मांडवातच राहिले होते. ते मी घरी आणले आणि आईनं ते पडवीच्या बाहेर ठेवायला सांगितले.

कागदाचं ते वाचन मोबाइलवर लाइव्ह गेलेलं होतं. तेवढाच तुकडा कापून कुणीतरी पाठवला आणि रात्रीच्या आत तो बौद्धवाडीत पोचला. वाडीतल्या तरुण पोरांनी पोलिसात जायचं ठरवलं. ती दोन दिवस त्याला समजावत होती, की तुझ्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतलंय असं सांग. त्यानं नकार दिला. मला हे नंतर त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं, आणि असंही सांगितलं, की तो फक्त म्हणत होता, लिहून दिलंय ते दिलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आमच्या घरी आले. ते पडवीच्या पायरीखाली उभे राहिले. मी वर बसा म्हणालो. बसले नाहीत. गुडघे दुखायचे म्हणून हातात काठी होती, तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी विचारलं, "त्या कागदात लिवलंय ते खरं काय? तो मला काय सांगत नाय. तू सांग."

आई दारात येऊन उभी होती. चुलते अंगणात बैलाला पाणी पाजत होते, त्यांनी बादली खाली ठेवली. मी खरं बोललो असतो तर चुलत्यांचं नाव येणार होतं, आधारची झेरॉक्स येणार होती, माझ्या दुकानाचं लायसन्स जाणार होतं. ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या वेळी मी फक्त घाबरलो होतो.

मी म्हणालो, "हो बाबा."

त्यांनी काठी उजव्या हातात घेतली. मग म्हणाले, "बरं," आणि काठी टेकत ओढ्याच्या वाटेनं गेले. आई म्हणाली, चहा तरी विचारायचा होतास. कुठल्या कपात, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

त्यानंतर बापलेकात बोलणं उरलं नाही. मी ओढ्यापलीकडं जात नव्हतो, पण गाव लहान आहे, कळत होतं. आपल्या पोराला आपल्या जातीची लाज वाटली, त्यानं ती लपवून कुणाच्या तरी पंगतीत जेवायची हौस केली, हे बाबांच्या मनानं घेतलं. पावसाळ्याच्या आधी तो बायको-मुलीला घेऊन आसनगावला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. कामाला जवळ पडतं, असं सांगून.

दिवाळीनंतर मी चुलत्यांकडून ती ट्रॉफी घेतली. आता ती शोकेसमध्ये ठेवायची त्यांनाही नको होती, त्यांनी पट्टी आधीच काढून टाकली होती. बूट आणि ट्रॉफी पिशवीत घालून मी आसनगावला गेलो. त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "या, बसा."

तीस वर्षांत त्यानं मला 'तू' सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. मी त्याच्या खोलीत पलंगावर बसलो. त्याच्या बायकोनं सगळ्यांना सारख्या कपात चहा दिला. त्यानं कामाचं विचारलं, दुकानाचं विचारलं, आईच्या तब्येतीचं विचारलं, सगळं 'तुमी' करून. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, चहा गार होतोय. बूट त्यानं ठेवून घेतले. ट्रॉफी पिशवीतच राहू दिली.

"ही तुमी घेऊन जा," तो म्हणाला. "नाव काढलं तरी कोनाचं व्हतं ते मला म्हायती हाय."

मी ती येताना आसनगाव स्टेशनच्या बाहेर भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली आणि त्यानं काही विचारायच्या आत निघालो.

अशी दोन वर्षं गेली. समाजाच्या स्पर्धेत आमचं गाव जात राहिलं. त्या पानामुळं बंदी टळली होती. समितीनं फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली, की मैदानावर मूळ आधारकार्ड दाखवून चेहरा तपासला जाईल. फॉर्म टाइप करायला त्यांनी माझ्याच दुकानात दिला होता. 'मागील अनुषंगानं उद्भवलेल्या प्रकारामुळे' असं त्यांनी लिहिलं होतं, त्यातलं मराठी मी सुधारून दिलं आणि साडेतीनशे कॉप्या काढल्या.

त्याच आठवड्यात मी बाबांकडं गेलो. ठरवून गेलो असं नाही. ओढ्याजवळून जात होतो, ते अंगणात खाटेवर बसून नाचणी निवडत होते, पाय तिकडं वळले. त्यांनी मला घरात बोलावलं. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं: कल्पना कुणाची, झेरॉक्स कुणी काढली, पान कुणी सांगितलं, पायरीवर मी खोटं कसं बोललो. मला मधे रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. सुपातली नाचणी त्यांनी डब्यात ओतली, झाकण लावलं.

मग म्हणाले, "मी त्याला काय काय बोल्लो ते तुला म्हायती नाय." मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय आत घेतले.

"मला कशाला सांगतंस, पोरा? जितं तो कागद वाचला तितं सांग."

दुसऱ्या दिवशी ते आसनगावला गेले. बापलेकांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मला कुणी सांगावं असंही काही नाही. पण गेल्या एप्रिलमध्ये जयंतीला तो बायको-मुलीला घेऊन वाडीत आला होता. बाबांच्या खांद्याला धरून मिरवणुकीत चालताना मी त्याला लांबून बघितलं. जयंतीच्या निमित्तानं वाडीतली पोरं आता स्पर्धा भरवतात. ती खुली आहे. फॉर्मवर नाव, गाव आणि मोबाइल नंबर एवढंच असतं. आमच्या गावच्या टीमलाही त्यांनी बोलावलं होतं, पोरं गेली आणि खेळून आली. तो तिथं अंपायर होता. मी गेलो नाही.

समाजाच्या स्पर्धेला मात्र ह्या मार्चमध्ये गेलो. जाताना मोटरसायकलवर मी वाक्यं पाठ करत होतो. साधी तीनचार वाक्यं. दोन मॅचच्या मधे कॉमेंट्रीवाला पाणी प्यायला उठला, मी टेबलापाशी उभा होतो. माणूस तोच. मला ओळखतो, दुकानात येतो, त्याच्या मुलाच्या दाखल्याचं काम मीच केलं होतं. त्यानं विचारलं, काय सूचना द्यायची आहे का. मी हो म्हणालो. त्यानं माईक माझ्या हातात दिला.

समोर मांडव भरलेला होता. पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते, त्यांच्या शेजारी माझे चुलते, त्यांच्या मागं चुलतभाऊ. ह्या वर्षी तो जहाजावरून रजेवर आला होता. पोरांनी मोबाइल माझ्याकडं वळवला. मी माईक तोंडाशी धरला आणि सांगितलं, की ज्यांनी रस्त्याच्या कडेला मोटरसायकली लावल्या आहेत त्यांनी कृपया काढून घ्याव्यात, एसटीला वळायला जागा नाही. ते खरं होतं, एसटी अडकलेली होती. चारपाच जण उठून गेले. मी माईक परत दिला.

पंधरा दिवसांनी मुरबाडच्या एसटी स्टँडवर मला बाबा दिसले. आसनगावला पोराकडं निघाले होते. शहापूरची गाडी लागायची होती. मी समोर गेलो आणि नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "सांगितलंस काय?"

"नाय बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, त्यांना ते आधीच माहीत असावं. गाडी लागली. त्यांच्याजवळ तांदळाची पिशवी होती, जड दिसत होती. मी ती चढवून द्यायला हात पुढं केला. "राहू दे," ते म्हणाले, आणि एका हातात काठी, एका हातात पिशवी घेऊन एकेक पायरी थांबत स्वतःच चढले. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. मग दुकान उघडलं. दारात दोन माणसं जातीच्या दाखल्यासाठी कागद घेऊन थांबली होती.